विजापूर बघायला जाताय? मग गोलघुमटापासून सुरुवात करू नका

मी सोलापूरची, त्यामुळे वर्षातून दहा-बारा जण तरी मला फोन करून विचारतात की विजापूर एका दिवसात होतं का. होतं ना. नुसतं कळसदर्शन घेऊन परत फिरायचं असेल तर पंढरपूरही तासाभरात होतं.

लोक काय करतात ते सांगते. सकाळी आठला गाडी काढायची, वाटेत चहा, साडेदहाला गोलघुमट, तिथे आधीच तीन शाळांच्या सहली, सगळे मिळून आरडाओरडा, मग थाळी, मग इब्राहीम रोजासमोर ग्रुप फोटो, मुलूखमैदान तोफेवर हात ठेवून अजून एक फोटो आणि पाचला परत. घरी येऊन म्हणणार, घुमट लई मोठा आहे हो, पण बाकी तिथे बघायला काय आहे. मी स्वतः पहिल्यांदा शुक्रवारी गेले होते, म्युझियम बंद, जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी, त्यात मे महिना. तेव्हा हे सगळं माझ्याच चुकांतून आलंय असं समजा.

खाली जो क्रम दिलाय तो दोन रात्रींचा आहे. पहिल्या दिवशी दुपारी पोचायचं, तिसऱ्या दिवशी दुपारी निघायचं. क्रम बदलू नका, कारण एक जागा बघून जे कळतं ते पुढच्या जागेत वापरायचं आहे.

टप्पा १: दिवस ठरवा, मग हॉटेल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, पण डिसेंबर-जानेवारीत सहलींचा पूर असतो, म्हणून त्या दोन महिन्यांत गोलघुमटाला दरवाजा उघडतानाच हजर राहायचं, दुसरा इलाज नाही. मार्च ते मे नको. काळा दगड तापला की अनवाणी पायांनी बघणार काय.

गोलघुमटासमोरचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत जुम्म्याची नमाज असते. त्यामुळे तुमच्या दोन रात्रींच्या मधला पूर्ण दिवस शुक्रवार येऊ देऊ नका. रविवारही शक्यतो टाळा. सोमवारी दुपारी पोचून बुधवारी दुपारी निघणं सगळ्यात बेस्ट, रजा मिळत असेल तर.

सोलापूरहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, दोन तास धरा, भीमा ओलांडली की कर्नाटक. एसटी आहे, कर्नाटकच्या बस आहेत, रेल्वेही आहे आणि विजापूर स्टेशन गोलघुमटाच्या अगदी जवळ आहे. नकाशात आता विजयपुरा असं नाव दिसेल, २०१४ मध्ये बदललं, घाबरू नका तेच गाव आहे. भाषेची अडचण येत नाही, कन्नड आणि दखनी, म्हणजे इकडची उर्दू, चालते, मराठी बऱ्याच जणांना कळते. जेवणात ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, म्हणजे सोलापूरच्या माणसाला घरचंच.

तपासा: आडनाव, धर्म, पक्ष यावर प्रवासात वाद घालणारा एखादा काका ग्रुपमध्ये असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की चालू मशिदीत आणि दर्ग्यात आपण पाहुणे आहोत. हे गमतीने लिहिलेलं नाही.

टप्पा २: पिशवीत काय

छोटी दुर्बीण. हे पहिलं, कॅमेऱ्याच्याही आधी. विजापूरची निम्मी कलाकारी डोक्याच्या वर पन्नास-साठ फुटांवर आहे, छज्ज्याच्या खाली, घुमटाच्या बुडाशी, मिनारांच्या गळ्याशी. मोबाईलने झूम करून नुसता चुन्याचा ढिगारा दिसतो.

जाड मोजे, कारण बऱ्याच ठिकाणी चपला काढाव्या लागतात आणि दगड सकाळी बर्फ तर दुपारी तवा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, बायकांनी एक ओढणी, पुरुषांनी रुमाल. टॉर्च आतल्या कोपऱ्यांसाठी, फक्त रंगकामावर रोखायचा नाही. एक साधी वही. पाणी भरपूर.

ट्रायपॉड आणि ड्रोन घरी ठेवा, पुरातत्त्व खात्याची परवानगी असल्याशिवाय चालत नाही आणि गेटवर हुज्जत घालून सकाळचा सोन्यासारखा तास वाया जातो. गोलघुमट आणि इब्राहीम रोजाला थोडं तिकीट आहे, ऑनलाइन आदल्या रात्री काढून ठेवलं तर रांग वाचते.

टप्पा ३: घरी बसून चार गोष्टी पाठ करा

हा टप्पा सगळे गाळतात आणि नंतर म्हणतात सगळ्या इमारती सारख्याच दिसतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक, दिशा. आपल्याकडे मक्का पश्चिमेला, म्हणून मशिदीची मागची भिंत पश्चिमेला आणि त्या भिंतीत मधोमध जो कमानीचा कोनाडा असतो तो मिहराब. म्हणजे मशिदीचा उघडा, कमानींचा दर्शनी भाग नेहमी पूर्वेकडे. यातून उजेडाचं गणित सुटतं, मशिदीचा फोटो सकाळी, संध्याकाळी तिच्या तोंडावर सावली.

दोन, कबरी. माणसाला डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, तोंड पश्चिमेला वळवून पुरतात, म्हणून सगळ्या कबरी उत्तर-दक्षिण. वर कलमदानासारखा, म्हणजे लेखणीच्या लांबट डबीसारखा, उंचवटा असेल तर ती पुरुषाची, वरचा भाग पाटीसारखा सपाट असेल तर बाईची. ही खूण एकदा कळली की गाईडची गरज निम्मी संपते. आणि दिसते ती बहुतेक वेळा नुसती खूण असते, खरी कबर खाली तळघरात.

तीन, आकडे. शिलालेखात हिजरी साल आकड्यात असेल तर आपली माणसं हमखास एक चूक करतात, अरबी-फारसी आकड्यांत आपल्या शून्यासारखा जो गोल दिसतो तो पाच असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. उभी रेघ एक. इंग्रजी व्ही सारखा सात, तोच उलटा, घराच्या छपरासारखा केला की आठ. आणि लिपी उजवीकडून वाचायची असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे.

चार, हिजरीचं इसवी. हिजरी सालातून शेकडा तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. १०४५ मधून ३१ गेले १०१४, त्यात ६२२, झाले १६३६. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, चालतंय.

शब्द फार नकोत. कमान, घुमट, छज्जा, जाळी, चौथरा, हौद, गिलावा हे आपलेच आहेत. विजापूरच्या आदिलशाहीतले राजे फक्त चार लक्षात ठेवा, म्हणजे पुढे गोंधळ नाही: पहिला अली (जामा मशीद, गगनमहाल), दुसरा इब्राहीम (इब्राहीम रोजा), मुहम्मद (गोलघुमट), दुसरा अली (बारा कमान).

तपासा: गावी कुठली जुनी मशीद किंवा मकबरा असेल तर निघण्याआधी तिथे जाऊन दिशा आणि कबरीची खूण ओळखून बघा. नगरकरांनी दमडी मशीद बघावी, लहानशी आहे पण दगडातलं काम असं की बघत राहाल.

टप्पा ४: पहिली संध्याकाळ, बारा कमान

पोचलात, सामान टाकलंत, चहा घेतलात, आता रिक्षावाल्याला गोलघुमट सांगू नका. हाच तो मोह. बारा कमान सांगा.

का? कारण बारा कमान अर्धवट आहे. दुसऱ्या अली आदिलशहाने स्वतःसाठी मकबरा बांधायला घेतला, गोलघुमटापेक्षा मोठा व्हायचा होता, चौथराच बाजूला दोनशे पंधरा फुटांचा, आणि १६७२ मध्ये तो वारला. गादीवर आला सिकंदर, चार-पाच वर्षांचं पोर. तिकडे दरबारात भांडणं, बाहेर मराठे आणि मुघल, मकबऱ्याला पैसा देणार कोण. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, विषय संपला. आता तिथे चौथरा आहे, मधोमध कबरी आहेत आणि काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी उभ्या आहेत, वर आभाळ.

म्हणजे बांधकामाचा सांगाडा आयता उघडा मिळतो. गिलावा नाही, घुमट नाही, काही लपवलेलं नाही. इथे बसून हे करा:

१. एका कमानीसमोर उभे राहा आणि दगड मोजत वर जा. प्रत्येक दगड पाचरीसारखा कापलेला आहे, एकमेकांना दाबून उभे आहेत. कमानीचं टोक गोल नाही, टोकदार आहे. टोकदार कमान भार जास्त सरळ खाली नेते, बाजूला कमी ढकलते.

२. आता कमान बाजूला ढकलणार ते अडवतंय कोण ते शोधा. शेजारची कमान. आणि जिथे शेजारची कमान पडलीय तिथे दगड कसे सैल होत गेलेत तेही बघा.

३. वहीत एक कमान काढा. वाईट आली तरी चालेल. काढताना जे डोळ्याला दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही.

सावध: इथे कोणीतरी सांगेलच की याची सावली गोलघुमटावर पडली असती म्हणून काम थांबवलं. दोन्हींच्या मध्ये केवढं शहर आहे ते नकाशात बघा. असली कुठली सावली.

उजेड असेपर्यंत जवळच गगनमहाल. १५६१ चा, पहिल्या अलीचा दरबार. मधली कमान साठ फुटांच्या आसपास रुंद, दोन्ही बाजूंना अरुंद उंच कमानी. लाकडी काम सगळं गेलंय. सिकंदरला चांदीच्या बेड्या घालून औरंगजेबासमोर आणलं ते इथेच, असं सांगतात. आज तिथे बाग आहे, पोरं क्रिकेट खेळतात, शेंगा विकणारा असतो. बसा जरा.

टप्पा ५: दुसरी सकाळ, गोलघुमट

गेट उघडताना हजर. सहलीची पहिली बस यायच्या आत तुम्ही वर असायला हवं, बाकी सगळं नंतर. त्यामुळे खालचं दालन बघत थांबू नका, सरळ जिना. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून वर जातो, शंभराहून जास्त पायऱ्या, अरुंद आणि उंच, काही ठिकाणी अंधार. गुडघे दुखत असतील तर प्रत्येक मजल्यावर खिडकीशी थांबा, वारा मस्त येतो. वर गच्ची, गच्चीतून घुमटाच्या बुडातल्या छोट्या दारांतून आतल्या सज्जात.

सज्जात गेल्यावर पहिली पाच मिनिटं तोंड बंद. खरंच. तुमच्या पावलांचा आवाज, कबुतराचा फडफडाट, खाली कोणी खोकलं तर ते, सगळं ऐकू येतं. मग प्रयोग:

१. दोघांनी समोरासमोर जायचं, मध्ये साधारण ३८ मीटर पोकळी. भिंतीकडे तोंड करून, भिंतीला जवळजवळ गाल लावून हळू बोलायचं. दुसऱ्याने कान भिंतीजवळ ठेवायचा. आवाज मधल्या पोकळीतून जात नाही, भिंतीच्या वळणाला धरून सरकत येतो. लोक कठड्याकडे तोंड करून ओरडतात, म्हणून त्यांना नुसता गोंगाट मिळतो.

२. एक चुटकी. एकच. आणि किती वेळा परत येते ते मोजा. कोणी सात सांगतं, कोणी दहा, कोणी अकरा. मला एकदा नऊपर्यंत नीट मोजता आली, दहाव्याला खालून कोणीतरी शिट्टी मारली.

३. कागद फाडा. हा माझा आवडता, माझ्या मामाने दाखवलेला, समोरच्या टोकाला कानाशी कापड फाडल्यासारखं येतं. कागदाचे तुकडे खिशात घालून न्या म्हणजे झालं.

ओरडू नका, टाळ्यांची स्पर्धा नको. तुमच्या आधी आलेल्या आजोबांनाही कुजबूज ऐकायची असते.

आता खाली. दालनाच्या मधोमध कबरींच्या चौथऱ्याजवळ उभे राहून वर बघा, आणि कालची बारा कमान आठवा. चौकोनी दालन, भिंती तीन मीटर जाड, आणि वर गोल घुमट बसवायचाय. चौकोनावर गोल बसवणं हाच सगळ्या घुमटांचा कळीचा प्रश्न. इथे त्यांनी काय केलं, एक चौकोन घेतला, त्यावर दुसरा चौकोन पंचेचाळीस अंशात फिरवून ठेवला, आणि त्या रेषांवर आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत उभ्या केल्या. रांगोळीत दोन चौकोनांची आठ टोकांची चांदणी काढतो ना, तीच. कमानींच्या मधले भाग पुढे झुकत झुकत येतात आणि वर गोल कडं तयार होतं. घुमट त्या कड्याच्या अगदी काठावर नाही, थोडा मागे सरकवून बसवलाय, म्हणून तर आत तो सज्जा उरला. घुमट बाहेर ढकलतो, आणि झुकलेल्या कमानींचं वजन आत ओढतं, हिशोब जुळला. मध्ये एकही खांब नाही.

हे खालून दुर्बिणीने नीट दिसतं. पहिल्यांदा मला दहा मिनिटं काहीच कळलं नव्हतं आणि मग एका क्षणी ती चांदणी दिसली आणि नंतर दिसायची थांबेनाच.

मग कबरी. मुहम्मद आदिलशहाची लाकडी छत्रीखालची, शेजारी बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी. कलमदान आणि पाटीची खूण इथे पडताळून बघा. दक्षिणेच्या दारावर फारसीत तीन वाक्यं कोरलीत, फारसीत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, ती धरून बेरीज केली की तिन्ही वाक्यांतून वेगवेगळं १०६७ येतं, सुलतानाच्या मृत्यूचं हिजरी साल. तुमचं सूत्र लावा, १६५७ येईल, खरं १६५६ आहे, त्या एका वर्षाच्या फरकाबद्दल वर बोललोच.

सावध: जगातला दुसऱ्या नंबरचा घुमट, हे वाक्य दर पाच मिनिटांनी कानावर येईल. आतला व्यास सुमारे ३८ मीटर. रोमच्या सेंट पीटर्सचा ४१ च्या वर, पँथिऑनचा ४३. नंबराच्या नादात लोक ती आठ कमानींची चांदणी बघायची विसरतात, ती युक्ती रोमच्या त्या दोन्ही घुमटांत नाही.

बाहेर पडताना नगारखान्यातलं म्युझियम. तास पुरे. शिलालेख, हस्तलिखितं, चिनी भांडी, हत्यारं. शिलालेखांजवळ जास्त थांबा, इथे अक्षरं डोळ्यांच्या उंचीवर आहेत, संध्याकाळी आणि उद्या ती डोक्यावर असणार आहेत. अक्षरं वाचता नाही आली तरी उभ्या रेषा बघा, एका लयीत उभ्या, आणि त्यांच्या मधून आडवी वळणं कशी विणलीत.

टप्पा ६: जामा मशीद

दहा-साडेदहापर्यंत पोचा, दुपारच्या नमाजाच्या आधी. चालू मशीद आहे. चपला बाहेर, डोकं झाकलेलं बरं, कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं. फोटो विचारून.

आधी हौदाजवळ उभं राहून पश्चिमेकडे बघा, सकाळचं ऊन दर्शनी कमानींवर सरळ पडलेलं असतं. मोठ्या घुमटाच्या बुडाशी दुर्बीण लावा, पाकळ्या दिसतील, घुमट जसा काही कमळातून उगवलाय. विजापूरची सही आहे ही, आज-उद्या प्रत्येक घुमटाला शोधा.

आत गेल्यावर मधल्या घुमटाखाली मान वर. तीच एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची चांदणी, फक्त लहान आणि हात पोचेल असं वाटण्याइतकी जवळ. ही मशीद पहिल्या अलीने विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईनंतर, १५७० च्या दशकात सुरू केली, म्हणजे गोलघुमटाच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधी. मोठ्या घुमटाची तालीम आधी इथे झालीय. जे लोक इथे आधी येतात त्यांना ही चांदणी नजरेतच येत नाही, म्हणून मी गोलघुमट आधी ठेवला.

जमिनीवर चौकटी आखल्यात, एका माणसाच्या नमाजाला एक, सुमारे सव्वादोन हजार. त्या औरंगजेबाच्या काळातल्या. त्यांवर उभं राहून सेल्फी काढणारे असतात, तुम्ही नका.

शेवटी मिहराब. पडदा ओढलेला असेल तर तिथल्या सेवकांना नम्रपणे विचारा. सोनेरी मुलामा, रंग, कोनाड्यात कोनाडे, त्यात रंगवलेली पुस्तकं, फुलदाण्या, साखळ्या. सगळी मशीद गोऱ्या गिलाव्याची आणि शांत, आणि हा एक कोपरा असा. लेखात मलिक याकूत हे नाव आणि १०४५ हे साल आहे. साल १६३६ म्हणजे मशीद बांधणाऱ्याच्या नाही, मुहम्मद आदिलशहाच्या काळातलं. गोलघुमटाचं श्रेयही याच याकूतला दिलं जातं आणि त्याला दाबूली म्हणतात, म्हणजे आपल्या दाभोळचा. रत्नागिरीकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

तपासा: आतापर्यंत वहीत तीन चित्रं हवीत: सुटी कमान, आठ टोकांची चांदणी, पाकळ्यांचा घुमट. नसतील तर नुसते फोटो काढत फिरताय.

टप्पा ७: दुपार झोपा, मग दोन छोट्या जागा

बारा ते साडेतीन हॉटेल. उगाच शूरपणा नको.

चारनंतर मेहतर महाल. नाव महाल असलं तरी हे एका मशिदीचं प्रवेशद्वार आहे, लोक गल्लीत शोधत समोरून निघून जातात. इथे बघायचे फक्त सज्जाखालचे दगडी आधार. लाकूडकाम वाटावं इतकं बारीक, सिंह, हंस, वेली. सुताराचं काम दगडात करून ठेवलंय. दुर्बीण नसेल तर इथे यायचा उपयोग नाही.

मग असर महाल, मुहम्मद आदिलशहाची न्यायकचेरी, नंतर पैगंबरांच्या केसाचं पवित्र अवशेषस्थान. समोर मोठा हौद आणि उंच लाकडी खांब. आत बायकांना सोडत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या म्हणजे दारात वाईट वाटणार नाही. मी बाहेर हौदाच्या काठावर बसले आणि नवरा आत जाऊन आला. काय बघितलंस विचारलं तर म्हणे, भिंतींवर चित्रं आहेत. कसली? चित्रं. एवढीच माहिती मिळाली. तेव्हा आत जाणाऱ्या माणसाला नीट बघायची शपथ घालून पाठवा.

टप्पा ८: तिसरी सकाळ, इब्राहीम रोजा

हे शेवटी ठेवायचं, कारण आता डोळा तयार झालाय. गावाच्या पश्चिमेला, तटाबाहेर. दोन तास ठेवा. बहुतेक लोक वीस मिनिटं देतात आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं इथेच होतं.

एका मोठ्या चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, पूर्वेला मकबरा, पश्चिमेला मशीद, मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहीमने राणी ताज सुलतानासाठी बांधायला घेतलं, पण आधी स्वतःच आत गेला, १६२७ मध्ये. हा तोच सुलतान, ज्याच्या दखनीतल्या गाण्यांत सरस्वतीची स्तुती आहे आणि ज्याला जगद्गुरू म्हणायचे. बांधणाऱ्याचं नाव लेखात आहे, मलिक संदल, आणि खर्च दीड लाख होनांच्या वर.

क्रम असा ठेवा:

१. आधी मशीद, कारण सकाळचं ऊन तिच्यावर. छज्ज्याच्या खाली जाऊन वर बघा, दगडी साखळ्या लोंबतायत. कड्या जोडलेल्या नाहीत, एकाच दगडातून कोरलेल्या आहेत. बऱ्याच तुटल्यात, उरलेल्या शोधा. हात लावू नका, लोकांनी हात लावलाय म्हणूनच तुटल्यात.

२. मग मकबऱ्याला बाहेरच्या ओसरीतून एक पूर्ण फेरी. घाई करून आत शिरू नका. ओसरीच्या कमानी मोजा, सगळ्या सारख्या रुंदीच्या नाहीत, कडेला अरुंद आहेत. ओसरीच्या आतल्या भिंतीवर अक्षरं आणि नक्षी, उथळ कोरलेली, कुठे कुठे रंग शिल्लक. समोरून बघितलं तर सपाट वाटतं, भिंतीला लागून तिरकं बघा म्हणजे ऊन त्या कोरीव कडांवर पडलेलं दिसतं.

३. खिडक्या. इथेच मी प्रत्येक वेळी अर्धा तास घालवते. जाळी वेलबुट्टीची नाही, अक्षरांची आहे. अरबी अक्षरंच दगडातून कापून काढलीत आणि अक्षरांच्या मधली जागा मोकळी ठेवलीय, तिथून उजेड आत जातो. बाहेरून वाचायची नाही, आत जाऊन अंधारातून बाहेर बघा. बाहेरून काळा दगड दिसत होता, आतून तीच अक्षरं उजेडाच्या चौकटीत उभी राहतात. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि नेमकी तेवढीच मिनिटं लोक थांबत नाहीत.

४. आतलं दालन बारा मीटरचं चौरस, वर घुमट दिसायला हवा पण दिसतं सपाट दगडी छत. कडांना वळण घेऊन मधोमध सपाट, खाली आधार काही नाही. दगड चुन्याच्या जोरावर एकमेकांना धरून आहेत. खरा घुमट त्याच्या खूप वर, मध्ये पोकळी. बारा कमानीत पाचरी बघितल्यात ना, मग इथे हे सपाट छत बघून पोटात गोळा यायला हवा.

५. सहा कबरी, इब्राहीम, त्याची आई, ताज सुलताना आणि इतर. कोणती कोणाची ते आता खुणेवरून तुम्हीच सांगा बरोबरच्यांना.

सावध: भिंतीवर खडूने, कोळशाने नावं लिहिणारे मराठीतही लिहितात. वाचून लाज वाटते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हेही दाखवा.

टप्पा ९: परतीच्या वाटेवर ताज बावडी, तोफ, बुरूज

हे पटापट होतं. ताज बावडी जवळच, १६२० ची, मोठी कमान आणि दोन्ही बाजूंना अष्टकोनी मनोरे, खाली प्रचंड चौकोनी हौद. गेल्या काही वर्षांत गाळ काढलाय.

मग तटावर शेर्झा बुरूज आणि त्यावर मुलूखमैदान. आपण भाषणबाजाला मुलूखमैदान तोफ म्हणतो ती ही. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली, पुढे परांड्याला होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाजवळ जा आणि नीट बघा, नुसतं सिंहाचं तोंड नाही, जबड्यात हत्ती चिरडला जातोय, त्याचे डोळे, दात सगळं ओतीव. इंग्रजांच्या काळात १८५४ मध्ये लिलावात दीडशे रुपये बोली आली होती, नशीब विक्री रद्द झाली. वाजवून बघू नका, किती लोकांनी दगड मारलेत ते खुणांवरून दिसतंच.

जवळच उपली बुरूज, १५८४ चा, बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्या, वर तीस फुटांची लांब तोफ. वरून सगळं गाव दिसतं. पूर्वेला गोलघुमट, मध्ये बारा कमानीची काळी दातेरी रेघ, पश्चिमेला इब्राहीम रोजाचे मिनार. तीन दिवसांची वाट इथून बोटाने आखून बघा.

वेळ उरला आणि ग्रुपमध्ये कोणी हट्ट धरलाच, तर गावाबाहेर साठ कबर. अफझलखानाच्या बायकांच्या कबरी म्हणून सांगतात, खानाला मात्र प्रतापगडाखाली पुरलंय. रस्ता विचारत जावं लागतं, रिक्षा थांबवून ठेवा. तिथे गेल्यावर कबरींच्या माथ्याकडे बघा. रांगेने साठाच्या वर आहेत आणि सगळ्यांवर पाटीचीच खूण, कलमदान एकावरही नाही.

बसमध्ये बसलात की फोटोंना लगेच नावं द्या. वाटेतच उरकतं. घरी गेल्यावर देऊ म्हणालात तर कुठली कमान कुठली होती ते तुम्हालाही आठवणार नाही, आणि मला फोन कराल.